थेरींच्या गाथा आणि उपासिकांची वही

आपल्या विहारांतून आणि धम्मकेंद्रांतून शनिवार-रविवारची महिला शिबिरे भरत असतात. त्रिसरण-पंचशील, वंदना, आनापानसती, मैत्रीभावना, धम्मदेसना आणि गटचर्चा असा त्यांचा दिनक्रम आता रूढ झाला आहे. या दिनक्रमात ध्यानाला जोडून तासाभराचे लेखन ठेवावे, उपासिकांनी स्वतःच्या शब्दांत काही लिहावे, असे सुचविले की काही आक्षेप हमखास पुढे येतात. पहिला आक्षेप असा की, ध्यान म्हणजे मौन आणि लेखन म्हणजे विचारांची गर्दी. या दोन गोष्टींची सांगड कशी घालावयाची? दुसरा आक्षेप असा की, हे पाश्चात्त्य देशांतून आलेले खूळ आहे. बौद्ध परंपरेत त्याला आधार नाही. तिसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा आहे. चळवळीची कामे खोळंबली असताना बायकांनी वह्या घेऊन कविता करीत बसावे काय, असे ते विचारतात. हे तिन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. म्हणून त्यांची उत्तरे इतिहासात शोधणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जगातील पहिला स्त्री-काव्यसंग्रह

सुत्तपिटकाच्या खुद्दकनिकायात थेरगाथा आणि थेरीगाथा हे दोन ग्रंथ जोडीने येतात. त्यांपैकी थेरीगाथेत भिक्खुणींच्या ७३ रचना असून त्यांतील गाथांची संख्या पाचशेच्या आसपास आहे. एका गाथेच्या रचनेपासून आरंभ करून वाढत्या गाथासंख्येनुसार त्यांची मांडणी केलेली आहे आणि सुमेधा थेरीच्या दीर्घ रचनेने ग्रंथ संपतो. स्त्रियांच्या रचनांचा म्हणून स्वतंत्रपणे जतन झालेला इतका प्राचीन संग्रह जगाच्या वाङ्मयात दुसरा सापडणे कठीण आहे. पिशेल या जर्मन पंडिताने संपादित केलेली त्याची पाली संहिता पाली टेक्स्ट सोसायटीने १८८३ साली प्रसिद्ध केली आणि १९०९ साली श्रीमती ऱ्हीस डेव्हिड्स यांचे इंग्रजी भाषांतर आले. साधारण सहाव्या शतकात आचार्य धम्मपाल यांनी लिहिलेल्या अट्ठकथेतून या थेरींची पूर्वचरित्रे आपल्याला कळतात.

या ग्रंथाकडे आपण बहुधा भिक्खुणी-संघाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहतो. परंतु त्याची आणखी एक बाजू आहे. या गाथा कोठून निघाल्या, हे त्या गाथाच सांगतात. त्या विद्वानांच्या सभेत रचलेल्या नाहीत आणि राजाश्रयासाठीही रचलेल्या नाहीत. बहुतेक गाथांमागे एक ध्यानाची बैठक आहे. चित्त स्थिर झाले, काही स्पष्ट दिसले आणि त्या दिसण्यातून शब्द आले, असा हा क्रम आहे. या उत्स्फूर्त उद्गाराला पाली परंपरेत उदान हे नाव आहे.

दंतिका थेरीचे उदाहरण घ्यावे. गृध्रकूट पर्वतावरील दिवसाच्या विश्रांतीनंतर ती बाहेर पडली, तेव्हा नदीतून वर येणारा एक हत्ती तिने काठावर पाहिला. माहुताने अंकुश हाती घेऊन हत्तीला पाय पुढे करावयास सांगितले, हत्तीने पाय पुढे केला आणि माहूत त्याच्यावर चढला. एवढे प्रचंड जनावर माणसाच्या वशात कसे येते, हे तिने डोळे भरून पाहिले. त्यानंतर ती अरण्यात गेली आणि तिने आपले चित्त एकाग्र केले. रचना एवढीच आहे. निरीक्षण, एकाग्रता आणि अभिव्यक्ती या तीन पायऱ्या तीन गाथांत मावल्या आहेत.

पटाचारेचा दिवा

याहून अधिक बोलकी रचना पटाचारेची आहे. अट्ठकथेनुसार ती श्रावस्तीच्या श्रीमंत घराण्यातील मुलगी. घरच्या नोकराबरोबर ती निघून गेली. पुढे थोड्याच अवधीत पती, दोन्ही मुले, आईवडील आणि भाऊ अशा सर्वांच्या मृत्यूने ती वेडी झाली. भगवान बुद्धांच्या उपदेशाने ती सावरली आणि संघात आली.

आता तिची गाथा पाहावी. तिच्या स्वतःच्या पाच गाथांत या भयंकर शोकाचा एकही तपशील नाही. शेतकरी नांगरतात, बी पेरतात आणि त्यांना धन मिळते. मग शीलाने वागणाऱ्या मला निर्वाण का मिळू नये, असा साधा प्रश्न ती विचारते. मग पाय धुताना ते पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहत जाते, हे ती पाहते. तिचे चित्त चांगल्या जातीच्या घोड्यासारखे ताब्यात येते. ती दिवा घेऊन कुटीत शिरते, बिछाना पाहते, मंचकावर बसते आणि सुईने दिव्याची वात खाली ओढते. दिवा विझतो आणि त्याच क्षणी तिचे चित्त मुक्त होते.

पाणी, दिवा, सुई, वात या घरातल्या वस्तू आहेत. कोणत्याही स्त्रीच्या हाताखालून त्या रोज जातात. पटाचारेने त्या सोडल्या नाहीत आणि त्यांच्यासाठी मोठे शब्दही शोधले नाहीत. त्या नीट पाहणे हेच तिचे ध्यान होते आणि जसे पाहिले तसे सांगणे हेच तिचे काव्य होते. ध्यान आणि शब्द यांच्यात विरोध आहे असे मानणाऱ्यांनी ही रचना अवश्य वाचावी. मनात उठणारी विचारांची गर्दी निराळी आणि गर्दी ओसरल्यावर उरलेले नेमके शब्द निराळे.

पटाचारेच्या रचनेपाठोपाठ तिच्या तीस शिष्यांची रचना येते. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. पटाचारा त्यांना सांगते की, लोक मुसळे घेऊन धान्य कांडतात, बायकामुलांचे पोषण करतात आणि धन मिळवितात. तुम्ही बुद्धाच्या शिकवणुकीप्रमाणे वागा, लवकर पाय धुवा आणि एका बाजूला बसा. त्या तीसजणी पाय धुऊन बसल्या. रात्रीच्या पहिल्या प्रहरी, मधल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी त्यांना काय काय उमगले, ते त्यांनी क्रमाने सांगितले आहे. नंतर उठून त्यांनी पटाचारेच्या पायांना वंदन केले आणि तुमचा उपदेश आम्ही पाळला असे तिला निवेदन केले.

मार्गदर्शन करणारी एक ज्येष्ठ स्त्री, एकत्र बसलेल्या तीस स्त्रिया, एका रात्रीची साधना आणि शेवटी अनुभवाचे शब्दांत निवेदन, असा हा आराखडा आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे एका रात्रीचे महिला शिबिरच होय. स्त्रियांच्या शिबिरात ध्यानाला अभिव्यक्तीची जोड देणे हे परदेशी खूळ आहे, या आक्षेपाला या रचनेनेच उत्तर दिले आहे.

दासी, विधवा आणि दोन बोटांची बुद्धी

या गाथा कोणत्या स्त्रियांच्या आहेत, हेही पाहिले पाहिजे. त्यांत राजघराण्यातील आणि श्रेष्ठिकुळांतील स्त्रिया आहेत, तशाच गरीब स्त्रियाही आहेत. चंदा ही अपत्यहीन विधवा, अन्नवस्त्रासाठी दारोदार फिरणारी. विमला आणि अंबपाली पूर्वाश्रमीच्या गणिका. मुत्ता सांगते की, ती तीन वाकड्या गोष्टींतून सुटली. त्या म्हणजे उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा.

पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. मालकिणीच्या माराच्या आणि बोलण्याच्या भीतीने ती कडाक्याच्या थंडीत नदीत उतरत असे. त्याच नदीत पाप धुण्यासाठी कुडकुडत उभ्या असलेल्या ब्राह्मणाला ती विचारते की, मी तर मारामुळे भिते, तू कोणाला भितोस? स्नानाने पाप जात असेल तर बेडूक, कासव, साप आणि मगरी सगळेच स्वर्गाला जातील, आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, असा तिचा युक्तिवाद आहे. शेवटी तो ब्राह्मण बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जातो. कर्मकांडाचे इतके सडेतोड खंडन एका दासीच्या तोंडी आहे आणि ते त्रिपिटकात जतन झाले आहे, ही गोष्ट आंबेडकरी वाचकाने विसरू नये.

सोमा थेरीला मार हिणवितो की, ऋषींनाही दुर्लभ असे स्थान दोन बोटांची बुद्धी असलेल्या स्त्रीला कसे मिळणार? भात शिजला की नाही, हे शीत दोन बोटांत दाबून पाहणाऱ्या बाईची बुद्धी तेवढीच, असा या हिणवण्याचा अर्थ अट्ठकथेने दिला आहे. सोमा उत्तर देते की, चित्त चांगले एकाग्र झाले असता आणि धम्म यथार्थ दिसू लागला असता स्त्रीपणाने काय बिघडते? स्त्रीच्या अधिकाराची ही बाजू तिने आपल्या ध्यानाच्या अनुभवावर उभी केली आहे.

आणखी एक विशेष असा की, या थेरी अपयश लपवीत नाहीत. सिहा सांगते की, सात वर्षे चित्ताला शांती मिळाली नाही. ती दोरी घेऊन रानात गेली, फास गळ्यात घातला आणि त्या क्षणी तिचे चित्त मुक्त झाले. दुसरी एक थेरी पंचवीस वर्षे चित्त शांत झाले नसल्याचे नोंदविते. शिबिराच्या समारोपात सर्वांनी फार प्रसन्न वाटले असेच म्हणावे, अशी आपल्याकडे एक अलिखित पद्धत पडली आहे. थेरींची पद्धत तशी नव्हती.

लेखणीची अट नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. थेरींनी गाथा लिहिल्या नाहीत, त्या म्हटल्या. संघाने त्या मुखोद्गत ठेवल्या आणि पाली परंपरेनुसार इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक ग्रंथबद्ध झाले. अक्षरओळख ही अभिव्यक्तीची अट नाही, असा याचा अर्थ होतो.

आपल्या महाराष्ट्रातील स्त्रियांना हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या हातात पाटी-पेन्सिल आली नाही, त्यांच्या हातात जात्याचा खुंटा होता. पहाटेच्या अंधारात, हाताच्या एका लयीत, दळता दळता त्यांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्याखेड्यांतून जमविलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांत बाबासाहेबांवरच्या आणि बुद्धावरच्या ओव्याही आहेत. पटाचारेच्या शिष्यांच्या गाथेत धान्य कांडण्याचा उल्लेख यावा आणि आपल्या आयाबायांनी जात्यावर बसून भीमाची ओवी रचावी, यात मला एक धागा दिसतो. कष्टकरी स्त्रीच्या हातातील कामातून शब्द निघाला आहे.

लेखणी हाती आल्यावर काय झाले, तेही इतिहासात नमूद आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. पुढे कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली, मुक्ता सर्वगोड यांचे ‘मिटलेली कवाडे’ १९८३ साली आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ व शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही पुस्तके १९८६ साली प्रसिद्ध झाली. बेबीताईंनी आपले लेखन सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, हे त्यांनीच सांगितले आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो झाला नसता तर त्या स्त्रियांचे कर्तृत्व त्यांच्याबरोबरच गेले असते.

वीस वर्षे वही लपवावी लागणे, याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बेबीताईंना शब्दांची वाण नव्हती. उणीव होती ती निर्धोक जागेची, मोकळ्या वेळेची आणि ऐकणाऱ्या कानांची. शनिवार-रविवारचे महिला शिबिर नेमक्या या तीन गोष्टी देऊ शकते.

परदेशांतील प्रयोग

अन्य बौद्ध देशांतही ही परंपरा आढळते. जपानमधील ओतागाकी रेंगेत्सु (१७९१–१८७५) ही पती आणि मुले यांच्या मृत्यूचे दुःख सोसून १८२३ साली भिक्खुणी झाली. ती स्वतः मातीची भांडी घडवी आणि त्यांवर आपल्या कविता कोरून त्यांच्या विक्रीवर उदरनिर्वाह करी.

आधुनिक काळात अमेरिकेतील नताली गोल्डबर्ग या लेखिकेने काटागिरी रोशी या झेन आचार्यांकडे ध्यानाचे शिक्षण घेतले. लेखन हीच तू आपली साधना कर, असे त्यांनी तिला सांगितल्याचे ती नमूद करते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रायटिंग डाउन द बोन्स’ या पुस्तकातून तिने ही पद्धत मांडली. बसणे, चालणे आणि लिहिणे हा तिच्या शिबिरांचा क्रम आहे. ठरावीक मिनिटे हात न थांबविता लिहावयाचे, खाडाखोड करावयाची नाही, नंतर वाचून दाखवावयाचे आणि ऐकणाऱ्यांनी बरे-वाईट काही बोलावयाचे नाही. श्वासावर लक्ष ठेवताना भटकलेले मन आपण रागावल्याविना परत आणतो. ही तीच शिस्त आहे.

मॅक्सिन हाँग किंग्स्टन या चिनी वंशाच्या अमेरिकन लेखिकेचे घर १९९१ च्या ओकलंड येथील आगीत भस्मसात झाले आणि त्यात तिचे हस्तलिखित जळाले. पुढे व्हिएतनामी आचार्य थिच न्हात हान्ह यांच्या प्रेरणेने १९९३ पासून तिने युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी ध्यान आणि लेखन यांची एकत्रित सत्रे चालविली. त्यांतून सिद्ध झालेला संग्रह २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या आठवणींनी माणसे वर्षानुवर्षे झोपू शकली नव्हती, त्या आठवणी शांत बसून, सोबत्यांच्या सान्निध्यात लिहिता येतात, असे या प्रयोगातून दिसून आले. जातीचे आणि घरातील हिंसेचे घाव सोसलेल्या आपल्या भगिनींच्या संदर्भात या अनुभवाचे मोल मोठे आहे.

सम्मा समाधी आणि लेखन

आता तिसऱ्या आक्षेपाकडे वळू. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात समाधी आणि सम्मा समाधी यांत भेद केला आहे. केवळ चित्ताची एकाग्रता ही तात्पुरती आणि अभावात्मक असते. सम्मा समाधी ही भावात्मक असून ती एकाग्र झालेल्या चित्ताला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लावते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एकाग्र चित्ताने आपल्या जीवनाकडे पाहणे, त्यातील दुःखाचे कारण ओळखणे आणि ते दुसऱ्याच्या उपयोगी पडावे म्हणून शब्दांत ठेवणे हे या व्याख्येत बसते. त्यामुळे उपासिकेची वही चळवळीच्या बाहेरची ठरत नाही. पुण्णिकेचा नदीकाठचा युक्तिवाद जर जतन झाला नसता, तर आज कर्मकांडाविरुद्ध बोलताना आपल्या हाती एक साक्ष कमी असती.

लेखनाने अहंकार वाढेल, अनत्ताच्या शिकवणुकीला बाध येईल, अशीही एक शंका आहे. थेरीगाथेत ‘मी’ पानोपानी आहे. परंतु तो ‘मी’ आपली मालमत्ता मोजीत नाही, तर आपल्या हातून काय सुटले ते सांगतो. अंबपाली आपल्या केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेऊन त्याचे पूर्वीचे सौंदर्य आणि आताची जरा यांची नोंद करते. अनिच्चेची इतकी निःसंकोच नोंद अहंकाराला करता येणार नाही.

अर्थात काही पथ्ये पाळावी लागतील. लेखन ध्यानानंतर असावे, त्याच्या बदल्यात नसावे. विषय लहान आणि रोजचा द्यावा. पाणी, चूल, पहिली शाळा, आजीचे लुगडे, विहाराची पहिली आठवण. लिहिलेले वाचून दाखविण्याची सक्ती नसावी. जिला लिहिता येत नाही तिने सांगावे आणि दुसरीने तिच्याच बोलीत ते उतरवून घ्यावे. भाषा शुद्ध करण्याच्या नादी लागू नये. शिबिरात ऐकलेले तिच्या अनुमतीविना बाहेर जाता कामा नये. आणि जिची जखम उघडी पडली तिच्याजवळ एखाद्या ज्येष्ठ उपासिकेने मैत्रीभावनेने बसावे. पटाचारेने तेच केले.

शेवटी एका हिशेबाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर आईचा पदर धरून आलेली पंधरा वर्षांची मुलगी आज पंचाऐंशीच्या घरात आहे. पांढरे लुगडे कोठून मिळविले, प्रवासात काय खाल्ले, गावी परतल्यावर घरातील देव्हाऱ्याचे काय केले, त्या रात्री पंचशील पाठ करताना मनात काय आले, हे सांगणाऱ्या फार थोड्याजणी आता उरल्या आहेत. थेरींचे शब्द संघाने शतकानुशतके मुखोद्गत ठेवले म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. या वृद्ध उपासिकांचे शब्द जतन करण्यासाठी आपल्याला शतके नकोत. एक शनिवार, एक रविवार, घडीभर शांत बसणे आणि एक कोरी वही पुरेशी आहे. येत्या वर्षावासातील आपल्या विहाराच्या महिला शिबिरात हे काम हाती घ्यावे, अशी उपासिका भगिनींना नम्र विनंती आहे.